वाटेवर पडलेले झाड आणि गाडीतली करवत

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडमार्गे चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट, खुलताबादेवरून म्हैसमाळच्या माथ्यावर चढणारा रस्ता, अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना फर्दापूरच्या अलीकडे लागणारी घाटवाट, आणि ह्यांच्या अधल्यामधल्या डोंगरपट्ट्यात अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी ह्या दुर्गांच्या पायथ्याशी कशाबशा जाऊन भिडणाऱ्या कच्च्या गाडीवाटा, ह्यांवरून ज्यांचे बारमाही येणेजाणे आहे, त्यांना वैशाखातल्या वळिवानंतर किंवा श्रावण-भाद्रपदातल्या झडीनंतर रस्त्यात आडवे पडलेले झाड ही काही अपूर्व गोष्ट वाटत नाही. 2021 च्या ऑगस्टअखेरीस झालेल्या अतिवृष्टीत औट्रम घाटात दरडी कोसळून तो राष्ट्रीय महामार्ग वाहतुकीस बंद ठेवावा लागला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. दरडीपुढे एकट्यादुकट्याचा इलाज चालत नाही. तेथे सरकारी यंत्रणेवाचून गत्यंतर नसते. परंतु महामार्ग सोडून दोन-चार कोस आत शिरल्यावर मांडीएवढ्या जाडीची एखादी फांदी वाटेवर पडलेली असावी, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ओढा असल्यामुळे गाडी मागे वळविण्यास जागा नसावी, आणि दिवस मावळतीला लागलेला असावा, अशा वेळी जवळ योग्य हत्यार असले तर वाट अर्ध्या घटकेत मोकळी होते, नसले तर सारी रात्र तेथेच काढण्याची पाळी येते. ह्या मर्यादित प्रसंगासाठी बॅटरीवर चालणारी आटोपशीर साखळी-करवत, जिला आपल्या बाजारपेठेत सर्रास ‘चेन सॉ’ म्हणतात, गाडीत बाळगावी काय, आणि बाळगायची झाल्यास ती कोणत्या कसोटीवर पारखून घ्यावी, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या ह्या मुलखात झाडे इतकी का पडतात, त्याचे कारण बव्हंशी भूमीतच आहे. खाली अभेद्य काळा पाषाण, त्यावर मुरमाचा थर आणि त्याच्यावर हात-दीड हात माती, अशी जेथे रचना आहे, तेथे मुळांना खोल जाण्यास वाव नसल्यामुळे ती आडवी पसरतात. आणि पावसाने माती भिजून सैल झाली, वर पानांचा भार पाण्याने दुणावला आणि अशातच वाऱ्याचा झोत आला, म्हणजे झाड मोडत नाही, तर मुळांसकट उलथते. डोंगरउतारावरचे धावडा, अंजन, सालई, पळस हे तद्देशीय वृक्ष शतकानुशतके ह्या भूमीला सरावलेले असल्यामुळे सहसा तग धरतात. परंतु रस्त्यांच्या कडेने हौसेने लावलेला, मूळचा मादागास्करचा असलेला गुलमोहर मात्र ठिसूळ लाकडाचा आणि उथळ मुळांचा असल्याने वळिवाच्या पहिल्याच फटक्यास बळी पडतो. वाटेवर आडवे येणारे लाकूड कोणत्या जातीचे असेल, ह्याचा हा विचार निष्कारण नव्हे. गुलमोहराची किंवा सालईची वीतभर जाडीची फांदी जे हत्यार लीलया कापून काढते, तेच हत्यार वाळक्या बाभळीच्या तेवढ्याच फांदीत निम्म्यावर जाऊन अडकते; आणि अंजनाचे लाकूड तर भारतातल्या सर्वांत जड व कठीण लाकडांपैकी एक म्हणून सुतारांमध्ये प्रसिद्धच आहे. परदेशी निर्मात्यांच्या जाहिरातींत दाखविलेले सुळकन कापले जाणारे ओंडके बहुधा देवदार-चिडाच्या जातीच्या मऊ लाकडाचे असतात, हे लक्षात ठेवून त्या जाहिरातींतल्या दाव्यांतून आपल्या बाभळीपुरती सूट वजा करून घ्यावी.

पेट्रोलवर चालणारी करवत शक्तीच्या बाबतीत निर्विवाद श्रेष्ठ आहे. एक लिटर पेट्रोलात सुमारे 9,000 वॅट-तास ऊर्जा साठविलेली असते, तर हाती धरावयाच्या हत्याराची चांगली मोठी बॅटरी 90 वॅट-तासांच्या आसपास असते. म्हणजे प्रमाण शंभरास एक. विजेची मोटार मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश कामी लावते आणि पेट्रोल इंजिन तिचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते, हे जमेस धरले तरीही अंतर प्रचंडच राहते. मग गाडीसाठी बॅटरीचीच करवत का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हे हत्यार रोजच्या वापराचे नव्हे. ते सहा-सहा महिने पडून राहावयाचे आणि एका दिवशी अचूक चालू व्हावयाचे आहे. तेल मिसळलेले पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहिले की त्याचा चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत साठतो, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी दोरी ओढून ओढून हात भरून येतात. शिवाय बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पेट्रोलचा डबा बंद गाडीत माणसांसमवेत बाळगणे हे उघड उघड धोक्याचे आहे. बॅटरीच्या करवतीस ह्या दोन्ही आपत्ती नाहीत. तिसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो: बॅटरीची करवत हात थांबताच निःशब्द होते, आणि ताणाखाली असलेले लाकूड फुटण्यापूर्वी जो कडकड असा बारीक आवाज करते, तो कानी पडतो. त्या आवाजाने दिलेली सूचना वेळेवर ऐकू आली, तर पाय आणि प्राण दोन्ही वाचतात.

विजेकडून पेट्रोलकडे आणि पुन्हा विजेकडे असा ह्या यंत्राचा प्रवास झालेला आहे. दात्यांची साखळी प्रथम लाकडासाठी नव्हे, तर अस्थी कापण्यासाठी योजिली गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री ह्या स्कॉटिश शल्यवैद्यांनी हाताने ओढावयाची बारीक दातेरी साखळी वापरात आणली होती. लाकडासाठी आंद्रेआस श्टील ह्या जर्मन अभियंत्याने 1926 साली जी करवत सिद्ध केली ती विजेवर चालणारी होती, आणि पुढच्याच वर्षी एमिल लेर्प ह्याने थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. दोन्ही यंत्रे इतकी अवजड की ती पेलण्यास दोन माणसे लागत. विजेच्या करवतीला तारेचे दावे असल्यामुळे रानात तिचा उपयोग नव्हता, म्हणून पेट्रोलने तिला मागे टाकले. आणि 1991 साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणल्यानंतर, ज्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांस 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या शोधाच्या बळावर ते दावे अखेर तुटले.

परंतु ह्या सबंध इतिहासातली खरी क्रांती मोटारीत किंवा इंधनात झाली नाही. ती साखळीच्या दात्यात झाली. आरंभीच्या साखळ्यांचे दाते हातकरवतीच्या दात्यांसारखे असत, म्हणजे ते लाकडाचे तंतू ओरबाडून त्यांचा भुसा करीत. त्यांना शक्ती फार लागे आणि धार वारंवार लावावी लागे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन प्रांतात लाकूडतोडीचा व्यवसाय करणाऱ्या जोसेफ बफोर्ड कॉक्स ह्या माणसाला 1946 साली सरपण फोडीत असता एका कुजक्या बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना दिसली. ती अळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने आणि त्यांना छेदून आडवी, अशी दोन्हीकडे सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. कॉक्सने निरीक्षण केले तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, तिचे वक्र जबडे समोरून चावत नसून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे आळीपाळीने लाकूड खरवडून काढीत आहेत. पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात त्याने तशाच रचनेची साखळी घडविली: एक दाता डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे वळलेला, प्रत्येकाची वरची कड रंध्यासारखी लाकूड तासणारी आणि बाजूची कड तंतू तोडणारी, आणि प्रत्येक दात्याच्या पुढे एक लहानसा उंचवटा, जो दात्याला एका वेळी ठराविक खोलीपेक्षा अधिक घास घेऊ देत नाही. 1947 पासून ही साखळी विक्रीस आली, आणि आजच्या बहुतेक साऱ्या करवतींच्या साखळ्या ह्याच कुळातल्या आहेत. भुंग्याच्या त्या अळीजवळ शक्ती ती किती असणार! तरीही लाकडासारख्या कठीण पदार्थातून ती वाट काढते, ती केवळ जबड्याच्या रचनेमुळे आणि धारेमुळे. लहान बॅटरीच्या करवतीची स्थिती नेमकी तशीच आहे. तिच्याजवळ उधळण्यास शक्ती नाही, म्हणून तिची सारी भिस्त साखळीवर असते; आणि ग्राहक मात्र दुकानात जाऊन साखळीकडे न पाहता बॅटरीवरचा आकडा वाचतो.

ह्या आकड्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण फसवणुकीचे मूळ तेथेच आहे. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत चढतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले म्हणजे सरासरी 18 आणि पूर्ण भरल्या क्षणी 21 व्होल्ट होतात. म्हणून एका निर्मात्याची 18 व्होल्टची, दुसऱ्याची 20 व्होल्टची आणि तिसऱ्याची 21 व्होल्टची बॅटरी ह्या बहुधा एकाच वस्तूच्या तीन कैफियती असतात. बाजारात ह्याहीपुढे जाऊन, आत तेच पाच सेल असलेल्या बॅटरीवर 48 किंवा 88 असा आकडा छापून त्याच्यापुढे काहीतरी अक्षरे जोडलेली आढळतात. ह्याच्या उलट श्टील कंपनीच्या सर्वांत लहान करवतीवर, जिचे पाते अवघे 10 सेंटिमीटरचे आहे, 10.8 एवढाच व्होल्टचा आकडा लिहिलेला असतो, आणि तिच्या बॅटरीत 28 वॅट-तास ऊर्जा मावते हेही प्रामाणिकपणे नोंदलेले असते. वाचकाने नेहमी वॅट-तासच पाहावेत. ते लिहिलेले नसले तर सरासरी व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. 18 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तास म्हणजे 90 वॅट-तास. अँपिअर-तासांचा दावा खरा की खोटा, हे पारखण्याचीही एक सोपी तजवीज आहे. अशा बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा, 18 मिलिमीटर व्यासाचा व 65 मिलिमीटर लांबीचा दंडगोल सेल फार तर साडेतीन अँपिअर-तास धरू शकतो, आणि त्याचे वजन सुमारे 45 ग्रॅम भरते. तेव्हा असल्या पाचच सेलांच्या बॅटरीवर 6 अँपिअर-तास छापलेले असतील तर तो मजकूर असत्य आहे; आणि दहा सेल असल्याचा दावा असेल तर नुसत्या सेलांचेच वजन साडेचारशे ग्रॅम झाले पाहिजे, ह्यासाठी किराणा दुकानातला तराजूही पुरेसा आहे. भारतात अशा सेलांना व बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. बॅटरीवर आयएस 16046 हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर ती गाडीत, म्हणजे आपल्या मुलाबाळांच्या पाठीमागे, ठेवू नये.

ह्यानंतर पात्याच्या लांबीचा प्रश्न येतो. पाते म्हणजे ज्या पोलादी पट्टीभोवती साखळी फिरते ती पट्टी. बाजारात चार, सहा, आठ आणि दहा इंची पाती मिळतात. येथे भूमितीची एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी: फांदीची जाडी दुप्पट झाली की कापावयाचे लाकूड चौपट होते. चार इंची फांदीचा छेद सुमारे साडेबारा चौरस इंचांचा, तर आठ इंची फांदीचा पन्नास चौरस इंचांचा. म्हणून चार इंची पात्याची करवत जेथे खेळण्यासारखी सहज चालते, तेथून थोडेच पुढे जाताच ती एकाएकी निरुपयोगी ठरते. आणि वाटेवर पडून गाडी अडविणाऱ्या फांद्या चार इंचांपेक्षा बारीक क्वचितच असतात, कारण त्याहून बारीक फांदी दोघेजण हातांनीच ओढून बाजूस सारतात. चार आणि सहा इंची करवती बागेतल्या छाटणीसाठी निघालेल्या आहेत, आणि डाळिंब-मोसंबीच्या बागाईतदाराला त्या खरोखर उपयुक्त आहेत; जालना, पैठण ह्या भागांत मोसंबीच्या बागांतून त्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. वाहनासाठी मात्र आठ इंच ही खालची मर्यादा समजावी आणि दहा इंच ही वरची. त्यापुढे 18 व्होल्टच्या एका बॅटरीची ताकद लांब साखळी ओढण्यास बहुधा अपुरी पडते.

लांबीपेक्षाही महत्त्वाचा भेद एकहाती आणि दुहाती करवतींचा आहे. अगदी लहान करवती पिस्तुलासारख्या एका हातात धरावयाच्या असतात, आणि त्यांपैकी बहुतेकींना साखळीचा ब्रेक नसतो. साखळी पात्याच्या वरच्या कडेने पुढे धावते आणि टोकाला वळसा घालून खालच्या कडेने मागे येते; त्यामुळे पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला अथवा पालवीत दडलेल्या दुसऱ्या एखाद्या फांदीला टेकला, की दाता तेथे अडकून सारे पाते क्षणार्धात वर आणि मागे, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे, उसळी घेते. ही उसळी डोळ्यांचे पाते लवण्याच्या आत येते. सावधपणाने ती टाळता येते, पण आल्यावर चपळाईने चुकविता येत नाही. दुहाती करवतीत डाव्या हाताच्या मुठीपुढे एक आडवी ढाल असते, आणि हात तिच्यावर आपटताच साखळी थांबते. ही ढाल आणि हा ब्रेक नसलेली आठ-दहा इंची करवत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने करवत चालवितात, ते आपल्या डाव्या मनगटाला विनाकारण पणाला लावीत असतात.

तेलाची व्यवस्था ही पुष्कळांच्या ध्यानात न येणारी बाब. साखळी पात्याच्या खाचेतून घासत धावते, आणि तेथे तेल न पोचल्यास ती तापते, ताणून सैल होते आणि बॅटरीचा मोठा भाग लाकडाऐवजी घर्षणातच खर्ची पडतो. लहान छाटणी-करवतींत आपोआप तेल सोडण्याची सोय बहुधा नसते. दर काही कापांनंतर हाताने थेंब सोडावे लागतात, आणि घाईच्या प्रसंगी ते हटकून विसरले जातात. तेव्हा स्वयंचलित तेलपंप असलेलीच करवत पसंत करावी. आपल्याकडे गॅरेजमधले जळके ऑईल ओतण्याचा शिरस्ता पडलेला आहे, तो मोडला पाहिजे. त्या तेलात धातूचे कण असतात, ते पाते झिजवितात, आणि साखळीवरून उडालेले सारे तेल अखेरीस मातीत आणि ओढ्याच्या पाण्यात जाते. साखळीसाठी मिळणारे खास तेल नसेल तर प्रसंगी खाद्यतेल चालते, परंतु त्यातही मराठवाड्याचे घरचे करडईचे तेल वापरू नये. ते हवेत सुकून राळेसारखे कडक होणाऱ्या तेलांपैकी आहे, म्हणूनच रंग आणि रोगण करण्यात त्याचा उपयोग होतो, आणि महिनाभर पडून राहिलेल्या साखळीचे दुवे ते एकमेकांस चिकटवून टाकते. शेंगदाण्याचे तेल त्या मानाने बरे. मात्र काम होताच साखळी पुसून ठेवावी.

साखळीची धार गेली आहे की आहे, हे लाकडाच्या कचऱ्यावरून ओळखावे: धार असेल तर टपोऱ्या कपच्या पडतात, बोथट झाली असेल तर पिठासारखा भुसा पडतो आणि कापाच्या तोंडाशी धूर दिसू लागतो. पडलेल्या झाडाच्या सालीत माती आणि वाळू रुतलेली असते, आणि फिरती साखळी जमिनीला एकदा जरी चाटून गेली तरी सगळे दाते एका क्षणात मरतात. म्हणून ओंडक्याखाली दगड अथवा फांदी सारून तो जमिनीपासून उचलून घेतल्याशिवाय शेवटचा काप पुरा करू नये. दात्याच्या मापाची गोल कानस, बहुधा 4 मिलिमीटरची आणि काही बारीक साखळ्यांना 3.2 मिलिमीटरची, दात्याच्या तिरप्या कडेला धरून आतून बाहेर दोन-तीन वेळा सारखी फिरविली, की धार परत येते. हे कौशल्य आपल्या गावच्या सुताराकडून अर्ध्या तासात शिकून घेता येते. जास्तीची एक साखळी गाडीत असावीच, आणि ती घेताना पात्याची लांबी सांगून भागत नाही. दोन दुव्यांमधले अंतर, पात्याच्या खाचेची रुंदी आणि खाचेत बसणाऱ्या दुव्यांची संख्या, ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. ज्या करवतीची साखळी आपल्या शहरातल्या दुकानांत सुटी मिळत नाही, ती करवत फुकट मिळाली तरी महाग आहे.

बॅटरी कोणत्या घराण्याची घ्यावी, हा प्रश्न वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या अनेकांच्या बाबतीत आधीच सुटलेला असतो, कारण बॉश, मकिता, डिवॉल्ट ह्यांपैकी कोणाचे तरी ड्रिल त्यांच्या घरी असते. त्याच बॅटरीवर चालणारी करवत घेतली तर एक चार्जर आणि दोन बॅटऱ्यांत दोन्ही हत्यारांचा निर्वाह होतो, आणि बॅटरी पडून पडून निकामी होत नाही. मात्र आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा हा बॅटरीचा शत्रू आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतील तापमान साठ अंशांच्या वर जाते. पूर्ण भरलेली बॅटरी अशा भट्टीत दिवसेंदिवस राहिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून करवत गाडीत कायम असू द्यावी, बॅटरी मात्र घरात निम्मी भरून ठेवावी आणि निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण भरून सोबत घ्यावी. गाडीच्या बारा व्होल्टच्या छिद्रातून चार्जर चालविण्याचा मोह होतो, पण तेथला फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा, म्हणजे सव्वाशे ते पावणेदोनशे वॅटचाच असतो, आणि जलद चार्जर त्याला पेलत नाही. 5 अँपिअर-तासांच्या दोन भरलेल्या बॅटऱ्या हा ह्यावर सर्वांत सरळ तोडगा आहे.

आता प्रत्यक्ष कापण्याविषयी, कारण हत्यार निवडण्याचा निकष कामाच्या रीतीतूनच निघतो. पडलेले लाकूड कधीच नुसते पडलेले नसते. ते कोठेतरी दाबले गेलेले आणि कोठेतरी ताणले गेलेले असते. दोन्ही टोकांवर टेकून मध्ये अधांतरी असलेल्या खोडाची वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणाखाली. तेथे वरून सरळ कापीत गेल्यास काप मिटतो आणि पाते चिमट्यात सापडल्यासारखे घट्ट अडकते. म्हणून आधी वरून एक तृतीयांश कापावे, फटीत लाकडी पाचर ठोकावी, आणि मग उरलेला काप खालून वर घ्यावा. एकाच टोकावर टेकलेल्या आणि दुसऱ्या टोकाने लोंबणाऱ्या फांदीची स्थिती उलट असते: तिला आधी खालून एक तृतीयांश आणि मग वरून कापावे. धनुष्यासारखी वाकून अडकलेली कोवळी फांदी ही सर्वांत घातक. ती सुटते तेव्हा माणसाचा जबडा मोडण्याइतक्या जोराने सुटते, आणि नवख्याने तिच्या वाटेस जाऊच नये. शिवाय सारे झाड कापण्याची गरज नसते. जीपगाडीला जाण्यास सात-आठ फुटांची मोकळी जागा पुरते. पुष्कळदा एकच काप घेऊन फांदीचे सुटे झालेले टोक दोराने गाडीला बांधून ओढले, की वाट होते. म्हणून करवतीसोबत एक मजबूत दोर आणि दोन पाचरी नसतील तर तिची निम्मी उपयुक्तता वाया जाते. डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड बूट आणि सोबत दुसरा माणूस, ह्यांवाचून करवत सुरू करू नये. आणि झाडासोबत विजेची तार खाली आलेली असेल, तर ती मृत दिसली तरी जिवंत समजून महावितरणची माणसे येईपर्यंत दूर थांबावे.

कायद्याचा मुद्दाही ह्याच ओघात येतो. पडलेले झाड बेवारस नसते. रस्त्याकडेचे झाड सरकारचे, बांधावरचे शेतकऱ्याचे आणि रानातले वन खात्याचे. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमान्वये साग, चंदन, खैर, मोह, चिंच अशा अनुसूचित वृक्षांची तोड परवानगीवाचून करता येत नाही, शहरांच्या हद्दीत 1975 च्या अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची संमती लागते, आणि 1986 साली घोषित झालेल्या, सुमारे 260 चौरस किलोमीटर क्षेत्राच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा अंमल आहे, जेथे वनातील काहीही तोडणे वा नेणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की, अभयारण्यात जाताना करवत सोबत आहे हे चौकीवर आधीच सांगावे, आणि तेथल्या अंमलदाराने नको म्हटल्यास ती तेथेच ठेवावी. आत वाट अडली तर वन खात्याच्या 1926 ह्या क्रमांकावर कळवावे, राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि अन्यत्र 112. जेथे आपण कापले तेथे लाकूड कडेला रचून ठेवावे. त्यातली एक काडीही गाडीत घालू नये. उभ्या झाडाला तर ह्या करवतीने स्पर्शही करू नये. ह्या हत्याराचा अधिकार पडलेल्यापुरताच आहे, ही माझी धारणा केवळ कायद्याच्या भयाने नाही. ज्या भागात पाऊस तोकडा आणि माती उथळ आहे, तेथे उभे राहिलेले प्रत्येक झाड पुष्कळ कष्टाने उभे राहिलेले असते.

पायी हिंडणाऱ्या दुर्गप्रेमींसाठी माझा सल्ला वेगळा आहे. अंतूरच्या किंवा वेताळवाडीच्या वाटेवर झुडपांची आणि वेड्या बाभळीची दाटी होते, पण ती दाटी मनगटाएवढ्या जाडीची असते; तिला घडीची, ओढताना कापणारी, फूटभर पात्याची हातकरवत पुरते. तिचे वजन पाव किलोच्या आसपास, तिला बॅटरी नको, तेल नको, आणि ती पावसात भिजली तरी बिघडत नाही. दुर्गसंवर्धनासाठी नियमाने आणि रीतसर परवानगीने वाट साफ करणाऱ्या मंडळांनी सहा इंची छाटणी-करवत घेण्यास हरकत नाही, मात्र ती एकाच सरावलेल्या माणसाच्या हाती असावी.

गाडीसाठी घ्यावयाची करवत मात्र आठ ते दहा इंची पात्याची, दुहाती, पुढे ढाल व ब्रेक असलेली, स्वतः तेल सोडणारी, 18 व्होल्टच्या प्रतिष्ठित घराण्याची, आणि जिच्या साखळ्या शहरात मिळतात अशी असावी. ह्यांपैकी एक गोष्ट जरी कमी असली तरी पैसे राखून ठेवावेत आणि तूर्त हातकरवतीवर भागवावे. खरेदीला जाताना घरून वाळक्या बाभळीचा पाच-सहा इंच जाडीचा एक ओंडका बरोबर न्यावा, आणि दुकानदाराला तो आपल्यासमोर कापून दाखविण्यास सांगावे. जो त्यास राजी होणार नाही, त्याच्याकडून करवत घेऊ नये.